बोलता न येणाऱ्याचे म्हणणे

मनात आलेला विचार शब्दरूपाने ओठांबाहेर पडेपर्यंत त्याला बऱ्याच टप्प्यांतून जावे लागते. मेंदूत, बहुतेक माणसांच्या बाबतीत मेंदूच्या डाव्या भागात, त्या विचारासाठी शब्द शोधले जातात, ते व्याकरणाच्या क्रमाने लावले जातात, त्या शब्दांतील ध्वनींसाठी जीभ, ओठ, टाळू आणि जबडा यांनी कोणकोणत्या हालचाली करायच्या याची आखणी होते, ते आदेश मज्जातंतूंमधून स्नायूंपर्यंत पोहोचतात, फुप्फुसांतून वर येणारी हवा स्वरयंत्रातील स्वरतंतूंना कंप देते आणि त्या कंपाला मुखात ग, द, ब असे आकार मिळतात. या साखळीतील कोणतीही कडी तुटली तरी बाहेरून दिसणारा परिणाम एकच असतो: माणूस बोलेनासा होतो. परंतु नेमकी कोणती कडी तुटली यावर त्याच्याजवळ काय शिल्लक आहे हे ठरते, आणि संवादाचा नवा मार्ग उभारायचा असतो तो या शिल्लक राहिलेल्या शक्तीवरच. स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाची भाषा पूर्ण शाबूत असते, तो पानेच्या पाने लिहू शकतो, गेलेला असतो तो केवळ आवाज. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेल्या माणसाचा घसा ठणठणीत असतो, पण त्याला शब्द सापडत नाहीत. स्नायूंवरचा ताबा हळूहळू हिरावून नेणाऱ्या आजारांत मात्र बहुधा भाषा आणि विचार दोन्ही शेवटपर्यंत जागे असतात, आणि त्यांना देहातून बाहेर पडायला वाट उरत नाही. ‘वाचा गेली’ असे सांगत घरचे लोक रुग्णाला दवाखान्यात आणतात तेव्हा या तिन्हींपैकी काहीही झालेले असू शकते, आणि म्हणून उपचाराची खरी सुरुवात हा भेद ओळखण्यापासून होते.

या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ मानल्या जाणाऱ्या घटनेत संवादाचा एक विलक्षण नमुना आहे, ज्याकडे सहसा दुर्लक्ष होते. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लुई व्हिक्टर लबोर्न नावाचा रुग्ण २१ वर्षे राहत होता. वयाच्या तिशीत त्याची वाचा गेली होती आणि कोणत्याही प्रश्नाला तो ‘तां, तां’ एवढेच उत्तर देत असे, त्यामुळे रुग्णालयात त्याचे नावच ‘तां’ पडले होते. १८६१ च्या एप्रिल महिन्यात, पायाच्या गंभीर संसर्गामुळे, तो पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे आला आणि काही दिवसांतच मरण पावला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली, आणि वाणीचा संबंध मेंदूच्या ठरावीक जागेशी असतो या विचाराला त्यातून भक्कम आधार मिळाला. वैद्यकाच्या इतिहासाने हे विच्छेदन लक्षात ठेवले. परंतु ब्रोकाने लिहून ठेवलेल्या निरीक्षणांत आणखी एक गोष्ट आहे. तू येथे किती वर्षे आहेस, असे विचारल्यावर या माणसाने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडून दाखवला आणि मग एक बोट वर केले, म्हणजे २१ वर्षे, आणि ते उत्तर बरोबर होते. ज्याच्या तोंडून एका निरर्थक ध्वनीपलीकडे काही निघत नव्हते, त्याला प्रश्न कळला होता, काळाचे भान होते, हिशेब येत होता आणि उत्तर पोहोचवण्याची युक्तीही सुचली होती. आपले म्हणणे समोरच्याला समजले नाही की तो संतापत असे, आणि त्या संतापाच्या भरात त्याच्या तोंडून एक फ्रेंच शिवी स्पष्टपणे बाहेर पडे. हा संताप वेडाचा नव्हता, न ऐकले गेल्याचा होता, आणि आजही घरोघरी अशा रुग्णांच्या चिडचिडीचा तोच अर्थ असतो.

मेंदूच्या इजेमुळे भाषेवर होणाऱ्या या आघाताला मराठीत वाचाघात आणि वैद्यकीय व्यवहारात अफेझिया म्हणतात. त्याचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात, म्हणजे मेंदूतील रक्तवाहिनी अचानक तुंबणे किंवा फुटणे. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना सुरुवातीच्या काळात कमीअधिक प्रमाणात वाचाघात असतो. ब्रोकाने वर्णिलेल्या प्रकारात समजणे बऱ्यापैकी टिकून असते, पण बोलणे तुटक होते. ‘दवाखाना… उद्या… मुलगा’ अशा दोन-तीन शब्दांत सारे वाक्य कोंबावे लागते, आणि प्रत्येक शब्द ओढून काढताना चेहऱ्यावर श्रम दिसतात. १८७४ साली कार्ल व्हेर्निके या अवघ्या २६ वर्षांच्या जर्मन वैद्याने वर्णन केलेला प्रकार याच्या उलट आहे. त्यात बोलणे धो धो वाहते, लय आणि सूर मराठीचेच असतात, पण शब्द भलतेच किंवा अर्थहीन असतात, दुसऱ्याचे बोलणे नीट उमगत नाही आणि आपले काही चुकते आहे याची जाणीवही पुष्कळदा नसते. अशा रुग्णाला भ्रम झाला असे समजून मनोविकाराच्या औषधांकडे वळणारी कुटुंबे कमी नाहीत. याहून निराळी अवस्था म्हणजे उच्चाराचे स्नायू दुबळे किंवा ताठ झाल्याने बोलणे बोबडे होणे. त्यात भाषा अबाधित असते, आणि असा माणूस लिहून किंवा अक्षरांवर बोट ठेवून हवे ते सांगू शकतो.

वाचाघाताच्या रुग्णाला मात्र वही आणि पेन दिल्याने प्रश्न सुटत नाही, आणि येथेच घरच्यांची पहिली मोठी निराशा होते. बोलणे आणि लिहिणे ही एकाच भाषेची दोन रूपे असल्याने भाषेच्या केंद्राला इजा झाली की बहुधा दोन्हींवर परिणाम होतो. शिवाय डाव्या मेंदूच्या इजेत उजवा हात लुळा पडण्याचा संभव मोठा असतो. पेन हातात घेऊन दोन रेघा ओढणारा आणि मग ते बाजूला सारणारा रुग्ण हट्टी नसतो, त्याला अक्षर आठवत नसते. त्याची बुद्धी, आठवणी, माणसांची पारख, घरातल्या व्यवहाराची समज यांपैकी बरेच काही जागेवर असते. वाचाघात हा भाषेचा आजार आहे, बुद्धीचा नव्हे, आणि हे एक वाक्य रुग्णाच्या केसपेपरवर सर्वांत वर लिहिले गेले तर पुढचे कित्येक अपमान टळतील.

कुटुंबाला सर्वाधिक गोंधळात टाकणारी गोष्ट पुढची आहे. ज्याला पाणी मागता येत नाही, तोच माणूस सायंकाळी देवापुढे दिवा लागल्यावर आरती सर्वांबरोबर अखंड म्हणतो, रामरक्षेचे श्लोक पुरे करतो, एक ते वीस आकडे किंवा सोमवार ते रविवार न अडखळता मोजतो. पाहणाऱ्याला वाटते की हा मनात आणले तर बोलू शकतो, मग बाकीच्या वेळी गप्प का बसतो? ब्रिटिश मेंदूविज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच याचे उत्तर दिले होते. पाठांतर, मोजणी, नमस्कार-चमत्कार, शिव्या अशी सवयीने आपोआप येणारी वाणी आणि नवा विचार मांडण्यासाठी शब्द जुळवून घडवलेली वाणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली टिकून दुसरी जाऊ शकते. गाण्यात मेंदूच्या उजव्या भागाचाही मोठा सहभाग असतो, हेही याचे एक कारण मानले जाते. १९७३ साली बॉस्टनमधील मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी याच निरीक्षणावर आधारलेली उपचारपद्धती मांडली, जिच्यात रोजच्या उपयोगाचे छोटे वाक्य वरच्या आणि खालच्या अशा दोन सुरांत, सावकाश, डाव्या हाताने ठेका धरत म्हणवून घेतले जाते आणि मग हळूहळू तो सूर काढून घेतला जातो. ‘चहा दे’, ‘पंखा लाव’, ‘दार उघड’ अशी मराठी वाक्ये या पद्धतीत सहज बसतात. नुसती आरती रोज म्हणवून घेतल्याने मात्र बोलणे परतत नाही. तिचा लाभ इतकाच, आणि तो लहान नाही, की रुग्णाला आपला आवाज कानी पडतो आणि चारचौघांत सहभागी होता येते.

ज्या समाजात माणसे घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी बोलतात, तेथे वाचाघाताला आणखी एक पैलू असतो. एकाहून अधिक भाषा जाणणाऱ्या रुग्णांत प्रत्येक भाषेचे नुकसान आणि पुनरागमन सारखे नसते. थेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचे मत होते की आधी शिकलेली भाषा अधिक टिकते, तर आल्बेर पित्र याने १८९५ साली असे मांडले की आजाराच्या आधी जी भाषा सर्वाधिक वापरात होती ती आधी परतते. दोन्हींचे दाखले सापडतात आणि दोन्हींना अपवादही. म्हणून रुग्णाला कोणत्या भाषा किती येत होत्या, तो कोणाशी कशात बोलत असे, हे नोंदवूनच तपासणी व्हायला हवी. मुलाकडे परदेशी किंवा दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या वृद्ध मराठी माणसाची चाचणी केवळ इंग्रजीत किंवा हिंदीत झाली, तर त्याच्या खऱ्या क्षमतेचा पत्ताच लागत नाही. अशा वेळी मराठी बोलणाऱ्या नातेवाइकाने तपासणीच्या वेळी हजर राहणे आणि घरी मराठीतून सराव घेणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, परंतु त्यानंतर दार बंद होते ही समजूत चुकीची आहे, कारण नियमित आणि पुरेसे तास चालणारा सराव असेल तर वर्षांनंतरही नवे शब्द परत येताना दिसतात. वाचा-उपचारतज्ज्ञ, ज्यांना सर्वसाधारणपणे स्पीच थेरपिस्ट म्हटले जाते, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ येथे असे तज्ज्ञ घडवले जातात. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी मात्र ते सहज मिळत नाहीत, ही उणीव मोठी आहे, आणि म्हणूनच घरातील माणसांनी काय करावे याला आपल्याकडे अधिक महत्त्व येते. काय करू नये हेही सांगायला हवे. जीभ हलकी व्हावी म्हणून वेखंड-मध चाटवणे किंवा झोपल्या झोपल्या तोंडात काढा सोडणे धोक्याचे आहे, कारण पक्षाघातात गिळण्याची क्रियाही बिघडलेली असू शकते आणि ते द्रव्य श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बोलणे अचानक अडखळू लागले, तोंड एका बाजूला वाकडे झाले किंवा हात गळाला, तर घरगुती उपायात एक तासही न दवडता मेंदूची तपासणी होऊ शकेल अशा रुग्णालयात पोहोचावे, कारण गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

वाचा गेलेल्या माणसाशी घरातले आणि भेटीला येणारे लोक कसे वागतात, याचे चित्र बहुतेक ठिकाणी सारखे असते. त्याच्याशी मोठ्या आवाजात बोलले जाते, जणू त्याचे कान गेले आहेत. कालपर्यंत ज्यांना ‘तुम्ही’ म्हटले जाई, त्यांना लहान मुलासारखे ‘तू’ म्हटले जाऊ लागते. पाहुण्यांसमोर नातवाला पुढे करून ‘हा कोण, सांगा बघू’ अशी परीक्षा घेतली जाते, नाव आठवले नाही की सगळे गप्प होतात आणि रुग्ण मान खाली घालतो. डॉक्टर ‘यांना कुठे दुखते’ असा प्रश्न मुलाला विचारतात आणि मुलगाही उत्तर देऊन मोकळा होतो. त्यांच्यादेखतच ‘बाबांना आता काही कळत नाही’ असे सांगितले जाते. यांपैकी कशातही दुष्टपणा नसतो, पण त्याचा एकत्रित परिणाम क्रूर असतो. पक्षाघातानंतर साधारण एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते, आणि संवाद तुटलेल्यांच्या बाबतीत ते ओळखणेही कठीण होते, कारण ‘मन लागत नाही’ हे सांगायलाच त्यांच्याजवळ शब्द नसतात.

कॅनडातील टोरांटो येथे ऑरा केगन यांनी वाचाघाताच्या रुग्णांसाठी आधारयुक्त संभाषणाची जी पद्धत घडवली, तिचा पाया अगदी साधा आहे. समोरच्या माणसाला कळते आहे हे आधी मान्य करायचे आणि ते त्याला बोलून दाखवायचे, आणि मग त्याच्या मनातले बाहेर काढण्यासाठी लागणारी साधने आपण पुरवायची. बोलण्याचा सारा भार जो उचलू शकत नाही त्याच्या वाटचा अर्धा भार ऐकणाऱ्याने घ्यायचा, असे या पद्धतीचे सार सांगता येईल. व्यवहारात याचा अर्थ असा की आधी दूरदर्शन संच बंद करावा, समोर बसावे, एका वेळी एकच गोष्ट विचारावी, आणि प्रश्न विचारल्यावर खरोखर थांबावे. हे थांबणे सर्वांत अवघड असते. ‘काय हवे’ असा मोकळा प्रश्न न विचारता कागदावर ठळक अक्षरांत ‘जेवण’, ‘औषध’, ‘दुसरे काही’ असे तीन शब्द लिहून पुढे ठेवावेत आणि बोट ठेवायला सांगावे. ‘दुसरे काही’ हा पर्याय कधीही गाळू नये, कारण तो नसेल तर रुग्ण ऐकणाऱ्याच्या कल्पनेच्या कुंपणात अडकतो. विषय बदलताना तो बदलल्याचे सांगावे. समजले नसेल तर समजल्याचा आव आणू नये. ‘मला अजून कळले नाही, पण आपण पुन्हा प्रयत्न करू’ असे म्हणणे रुग्णाला खोट्या होकारापेक्षा कितीतरी अधिक सन्मानाचे वाटते.

‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन संकेत पक्के करणे हा या साऱ्याचा कणा आहे. आपल्याकडे मान हलवण्याची एक संदिग्ध रीत आहे, जिच्यातून होकारही निघतो आणि नुसते ‘ऐकतो आहे’ असेही निघते. त्यातच वाचाघातात मनात ‘नाही’ असताना तोंडून ‘हो’ निघणे ही नेहमीची गोष्ट असते. म्हणून अंगठा वर म्हणजे हो आणि तळहात आडवा म्हणजे नाही, असे निःसंदिग्ध संकेत ठरवावेत, आणि महत्त्वाच्या बाबतीत प्रश्न उलटा करून पुन्हा विचारावा. ‘मुंबईला जायचे आहे का’ याला हो आले असेल, तर थोड्या वेळाने ‘इथेच राहायचे आहे का’ असे विचारून उत्तर जुळते का हे पाहावे.

स्वरयंत्र गमावलेल्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि तंबाखू-बिडीने ग्रासलेल्या महाराष्ट्राला ती परकी नाही. धूम्रपान आणि मद्य ही स्वरयंत्राच्या कर्करोगाची प्रमुख कारणे होत. आजार पुढे गेलेला असेल तर संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते, श्वासनलिकेचे तोंड गळ्यावर कायमचे उघडले जाते आणि माणूस यापुढे नाकातोंडाने नव्हे तर त्या छिद्राने श्वास घेतो. कर्करोगासाठी अशी शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात ३१ डिसेंबर १८७३ रोजी केली आणि त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्रही बनवले, म्हणजे आवाज परत देण्याची खटपट शस्त्रक्रियेइतकीच जुनी आहे. आज तीन मार्ग आहेत. पहिल्यात हवा अन्ननलिकेत घेऊन ढेकरेसारखी परत सोडत तिच्या कंपातून बोलायला शिकतात. याला कोणतेही साधन लागत नाही, पण ते शिकायला महिने लागतात आणि सर्वांनाच जमत नाही. दुसऱ्यात विजेवर चालणारे, टॉर्चएवढे कंपनयंत्र गळ्याला लावले जाते. तिसरा मार्ग मार्क सिंगर आणि एरिक ब्लॉम यांनी १९८० साली प्रसिद्ध केला. त्यात श्वासनलिका आणि अन्ननलिका यांमधील भिंतीत छोटे छिद्र करून सिलिकॉनची एकदिशा झडप बसवतात, आणि गळ्यावरचे छिद्र बोटाने झाकले की फुप्फुसांतील हवा अन्ननलिकेत जाऊन तिच्या भिंतीला कंप देते. या मार्गाने येणारा आवाज सर्वांत नैसर्गिक असतो, परंतु झडपेवर बुरशी वाढून ती काही महिन्यांत गळू लागते आणि बदलावी लागते. आयात केलेल्या झडपेची किंमत हजारांच्या घरात जाते, त्यामुळे गरीब रुग्ण ती वेळेवर बदलत नाहीत. बेंगळुरूचे कर्करोग शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी शशांक महेश यांच्यासह सुमारे ५० रुपयांत बनणारी ‘ॐ’ नावाची झडप घडवली, तिचे मोल या पार्श्वभूमीवर समजते.

या आवाजांना मराठीत आणखी एक अडचण असते. कंपनयंत्राचा कंप बोलताना अखंड चालू राहतो, त्यामुळे ‘काल’ आणि ‘गाल’ यांतला फरक पुसट होतो, आणि ख, घ, भ, ह यांना लागणारा श्वासाचा झोत फुप्फुसांतून मुखात येतच नसल्याने महाप्राण वर्ण दुबळे पडतात. सवय झालेला श्रोता संदर्भावरून हे भरून काढतो. अनोळखी माणूस मात्र फोनवर तो यांत्रिक सूर ऐकून कोणीतरी खोडी काढते आहे असे समजतो आणि फोन ठेवतो.

ज्यांच्या हातापायांसह जीभही निकामी होते, त्यांच्यासाठी संवाद एका स्नायूवर उभा करावा लागतो. स्टीफन हॉकिंग यांना चेतापेशींचा आजार होता, आणि १९८५ साली जिनिव्हात झालेल्या न्यूमोनियात गळ्याला छिद्र पाडावे लागल्याने त्यांची उरलीसुरली वाचाही गेली. त्यानंतर काही काळ समोर धरलेल्या अक्षरांच्या तक्त्यावर योग्य अक्षर आले की भुवया उंचावणे हाच त्यांचा मार्ग होता. मग कॅलिफोर्नियातील वॉल्ट वोल्टोझ यांची संगणकप्रणाली मिळाली, सुरुवातीला हाताच्या आणि पुढे गालाच्या हालचालीने ते शब्द निवडत राहिले. फ्रेंच पत्रकार जाँ-दोमिनिक बोबी यांना ८ डिसेंबर १९९५ रोजी मेंदूच्या देठात पक्षाघात झाला आणि केवळ डाव्या डोळ्याची पापणी त्यांच्या ताब्यात उरली. सहायिका फ्रेंचमध्ये सर्वाधिक येणाऱ्या अक्षरांच्या क्रमाने वर्णमाला वाचत असे, हव्या अक्षराला ते पापणी मिटत, आणि अशा रीतीने सांगितलेले त्यांचे पुस्तक १९९७ च्या मार्चमध्ये, त्यांच्या मृत्यूच्या दोन-तीन दिवस आधी प्रसिद्ध झाले. एकाजवळ संगणक होता, दुसऱ्याजवळ नव्हता. दोघांजवळही, अक्षरामागून अक्षर टिपून घेणारे माणूस समोर होते, आणि त्याखेरीज दोघांचेही काही चालले नसते.

मराठीभाषकांच्या हाती या कामासाठी एक तयार रचना आहे, आणि तिचा वापर फारच कमी होतो. देवनागरी वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली असल्याने क, च, ट, त, प असे पाच वर्ग आणि प्रत्येकात पाच वर्ण असा चौकोन आपोआप तयार होतो, आणि तो शाळेत गेलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. सहायकाने आधी फक्त वर्ग विचारायचे: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. रुग्णाने पापणी मिटली की त्या वर्गातले वर्ण क्रमाने म्हणायचे. ‘ण’पर्यंत सरळ मोजत गेल्यास पंधरा वर्ण उच्चारावे लागतात, या रीतीने आठ उच्चारांत काम होते. ‘म’साठी पंचवीसांऐवजी दहा पुरतात. य, र, ल, व आणि श, ष, स, ह, ळ यांच्या आणखी दोन ओळी कराव्यात, ङ आणि ञ गाळून टाकावेत, ह्रस्व-दीर्घ मात्रा एकच मानाव्यात, आणि जोडाक्षर असेल तर ‘वस्त्र’ ऐवजी ‘व, स, त, र’ असे सुटे वर्ण घ्यावेत. ‘प’ आणि ‘ण’ आले की ‘पाणी’ असा अंदाज करता येतो, पण तो विचारून पक्का करावा, कारण रुग्णाला ‘पण…’ अशी हरकतही घ्यायची असू शकते. निवडलेले प्रत्येक अक्षर लगेच लिहून ठेवावे, आणि ‘शब्द संपला’ व ‘चुकले, मागे जा’ यांसाठी दोन खुणा आधीच ठरवाव्यात. यासाठी लागणारा खर्च एका पुठ्ठ्याचा आणि एका पेनाचा आहे.

ज्यांना अक्षरे येत नाहीत किंवा वाचाघातामुळे उमगत नाहीत, त्यांच्यासाठी चित्रांचा मार्ग असतो. मुंबईच्या आयआयटीतील अभिकल्प विभागात तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रांवर आधारलेले मोबाइल अॅप मराठीतही बोलते आणि मोफत मिळते. ते मुख्यतः बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी असले तरी त्याची रीत मोठ्यांनाही समजण्यासारखी आहे. लिहिता येणाऱ्यांसाठी साध्या अँड्रॉइड फोनवर टाइप केलेला मराठी मजकूर वाचून दाखवणारा आवाज उपलब्ध आहे. वाचा जाणार हे आधी कळले असेल, स्वरयंत्राची शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा स्नायूंच्या आजाराचे निदान झाले असेल, तर आपल्याच आवाजात रोजची वाक्ये, नातवंडांच्या हाका, ठेवणीतले शब्द फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवता येतात, आणि ही सूचना निदानाच्या दिवशीच मिळायला हवी, कारण पुढे ते शक्य नसते.

चित्रांची वही घरी बनवताना एक दोष वारंवार दिसतो. तिच्यात चहा, भाकरी, उशी, पंखा, संडास, कूस बदलणे असे सारे असते, म्हणजे पोट आणि देह यांच्या गरजा असतात, पण मत नसते. ‘पुरे’, ‘थांबा’, ‘तुमचे चुकते आहे’, ‘मला विचारा’, ‘विषय बदला’, ‘एकट्याला राहू द्या’, ‘पुढे काय झाले?’ ही पाने असली पाहिजेत. घरातल्या माणसांचे, शेताचे, दुकानाचे, गावच्या देवळाचे फोटो असले पाहिजेत, वर्तमानपत्र आणि पंचांगही हाताशी असले पाहिजे, म्हणजे क्रिकेटपासून ऊसदरापर्यंत आणि मुलीच्या स्थळापासून सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत कशावरही बोट ठेवून बोलता येईल. ज्याला फक्त मागता येते, सांगता येत नाही, तो माणूस घरात असून घराबाहेर राहतो.

कायद्याच्या दृष्टीने या माणसाचे म्हणणे म्हणणेच असते, आणि भारतात हे फार पूर्वी ठरलेले आहे. १८८५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका खटल्यात, गळा चिरल्यामुळे बोलू न शकणाऱ्या स्त्रीने मरणापूर्वी प्रश्नांना हाताच्या खुणांनी दिलेली उत्तरे, विचारलेल्या प्रश्नांसह, तिचे तोंडी निवेदन म्हणून ग्राह्य धरली गेली. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष तोंडी पुरावाच मानली जाते, आणि अशा वेळी न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेऊन तिचे चित्रीकरण करावे, अशीही तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत वाणी व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश असून स्वरयंत्र काढणे आणि वाचाघात यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे, त्यामुळे तपासणीअंती ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरल्यास प्रमाणपत्र आणि त्यावरील सवलती मिळू शकतात. त्याच कायद्याने संवादाच्या व्याख्येत चिन्हे, लेखन, दृश्य साधने आणि पर्यायी पद्धती यांना स्थान दिले आहे आणि दिव्यांग व्यक्तीला इतरांप्रमाणेच कायदेशीर क्षमता असल्याचे मान्य केले आहे. तरीही बँकेत, तलाठ्याकडे किंवा शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेताना प्रश्न मुलाला किंवा सुनेला विचारला जातो आणि रुग्णाचा अंगठा तेवढा धरून उमटवला जातो. अलाहाबादच्या त्या निर्णयातील रीत अशा ठिकाणीही उपयोगी पडते. विचारलेला प्रश्न शब्दशः लिहावा, तो उलटा करून विचारलेलाही लिहावा, प्रत्येकापुढे रुग्णाने केलेली खूण नोंदवावी, आणि त्या खुणेचा अर्थ काय हे त्याला रोज भेटणाऱ्या माणसाकडून साक्षीदारासमोर विचारून घ्यावे. यासाठी फार तर अर्धा तास जास्त लागतो, आणि तो देण्याची तयारी नसेल तर त्या कागदावरील अंगठ्याला संमती म्हणता येणार नाही.